भिंतीवरचं एशियाड आणि आमच्या आबांचं नसलेलं सुवर्णपदक

हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे. नाही सांगितलं तर मी शिफ्टला जाऊन भलत्या बॉक्सवर भलतं स्टिकर चिकटवीन, इतकं डोकं फिरलंय. आज सकाळी दुधाची पिशवी आणायला गेले तर दुकानात एक काकू म्हणतात, "काय गो, आबांचा सुवर्णपदक तूच पुसलास म्हनं? सोताच्या घरचा मानूस, आनि असा करतान?" मी पुसलं! मी! पदक कधी नव्हतंच हो काकू! पण दूध तापवायचं होतं, आई ओरडत होती, त्यामुळे तिथे काही बोलले नाही. इथे बोलते.

आबा म्हणजे माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. आमचं गाव भिवंडीजवळ, राहनाळच्या पुढे, आता अर्धं गाव आणि अर्धे गोडाऊन. आबा तरुणपणी कबड्डी खेळायचे आणि ब्याऐंशी सालच्या दिल्ली एशियाडला जाऊन आले. गावात सगळे त्यांना 'एशियाडवाले आबा' म्हणतात. मी पहिलीत असताना वर्गात ऐटीत सांगितलं, "माझे आबा एशियाडमध्ये होते." तर एक पोरगा म्हणाला, "मग काय झालं, माझे पप्पा पण एशियाडनेच नाशिकला जातात." त्याला वाटलं ती हिरवी-पांढरी एसटी. सगळा वर्ग हसला. मी घरी येऊन रडले, आणि मग ठरवलं की एशियाड म्हणजे काय ते मला सगळ्यांपेक्षा जास्त माहीत पाहिजे.

आणि झालं तसंच. माझा सतराचा पाढा अजून अडखळतो, पण एशियाड कुठल्या साली कुठल्या शहरात झालं ते झोपेतून उठवून विचारा. एक्कावन्न दिल्ली, चोपन्न मनिला, अठ्ठावन्न टोकियो, बासष्ट जकार्ता. मी वह्या भरल्यात. ऑलिम्पिकची एक, एशियाडची एक, राष्ट्रकुलची एक. कोण कधी आलं नाही, कोणी बहिष्कार टाकला, कुठला खेळ कधी घुसला आणि कधी काढला. पोरी मेंदीची डिझाइन जमवायच्या, मी पदकतक्ते.

आठवीत असताना मला कळलं की ब्याऐंशीला कबड्डी एशियाडमध्ये होती पण नुसती दाखवायला. प्रदर्शनीय खेळ म्हणतात त्याला. म्हणजे सामने होतात, लोक बघतात, टाळ्या वाजवतात, पण पदक नसतं. पदकाची कबड्डी सुरू झाली नव्वद सालापासून, बीजिंगला. मी हे जेवताना सगळ्यांसमोर जोरात जाहीर केलं, कारण मला वाटलं केवढी मोठी माहिती शोधली! आई माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागली. आबांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "बरोबर हाय पोरीचा." आणि कालवण मागितलं. विषय संपला. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नाही.

आता या वर्षीचं ऐका.

आमच्या गावच्या कबड्डी मंडळाने मैदानाच्या मागे नवा हॉल बांधला. व्यायामाचं सामान, वरती पंखे, आणि आत एक मोठी कोरी भिंत. जानेवारीत आमच्याकडे कबड्डीच्या मोठ्या स्पर्धा असतात, तालुक्यातून टीम येतात. मंडळाचे अध्यक्ष म्हणजे शेठ. त्यांची जमीन गोडाऊनवाल्यांना भाड्याने दिलीय, म्हणून गाव त्यांना शेठ म्हणतं. माणूस वाईट नाही. उलट कबड्डीसाठी जीव टाकतो. शेठनी मंडळाच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला, "या भितीवर एशियाडचा सगला इतिहास पायजे. पयल्यापासून. आपल्या पोरान्ला कलला पायजे कबड्डी कुठं कुठं गेली ती. एशियाडवाल्यांच्या घरातली पोर लिवून दील."

म्हणजे मी!

मला इतका आनंद झाला की मी कामावर जेवणाच्या सुट्टीत जेवलेच नाही. काल्हेरला गोडाऊनमध्ये मी डेटा एंट्री करते, टायपिंग माझं तुफान आहे. पंचवीस मिनिटांत आख्खा तक्ता टाकला. साल, शहर, कबड्डीत पुरुषांचं काय झालं, बायकांचं काय झालं. कुठेही चूक नाही, सगळं तीन-तीन ठिकाणी पडताळलेलं.

आणि मग ग्रुपवर जे सुरू झालं ना...

पहिला मेसेज शेठचा. "बँकॉक चार वेला आलाय. चुकलाय."

मी लिहिलं, "शेठ, चारच वेळा झालंय. सहासष्ट, सत्तर, अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याण्णव. सत्तरला सोल नाही म्हणालं म्हणून परत बँकॉक. अठ्ठ्याहत्तरला पण दुसऱ्यांनी माघार घेतली म्हणून बँकॉक."

दुसऱ्या कोणीतरी लिहिलं, "बँकॉकला मानसं खेलायला जातान होय?" त्यावर पंधरा-वीस जण हसले. माझ्या इतिहासावर!

मग, "दोन हजार बावीसच्या पुढं कंसात तेवीस का लिवलाय? नक्की ठरव." मी सांगितलं, कोरोनामुळे स्पर्धा एक वर्ष पुढे गेली, पण नाव बावीसचंच राहिलं. तर म्हणे, "असा कसा? आपली जत्रा पुढं गेली तर आपन जुनी तारीख लिवतो का?"

मग ऑलिम्पिक. कोणाच्या तरी फोनवर फॉरवर्ड आलेलं की छत्तीस सालच्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये भारताने कबड्डीत सुवर्ण जिंकलं. मी सांगते, तिथे आपल्या लोकांनी देशी खेळ दाखवले असं म्हणतात, पण कबड्डी ऑलिम्पिकमध्ये पदकाचा खेळ म्हणून आजपर्यंत एकदाही नव्हती. एकदाही! "पन फॉरवर्डमंदी हाय." अहो फॉरवर्डमध्ये केळं फ्रीजमध्ये ठेवलं तर विष होतं असंही आहे!

मग आलं दोन हजार अठरा. जकार्ता. आपले पुरुष इराणकडून सेमीफायनलला हरले आणि ब्राँझ आलं, बायकांना फायनलला इराणनेच हरवलं आणि रौप्य. मला तर ती ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्वदपासून सलग सात वेळा पुरुषांचं सुवर्ण, आणि मग एकदम धाडकन. मी तेव्हा शाळेत होते, टीव्हीसमोर बसून आबा दोन दिवस कोणाशी बोलले नव्हते. आणि ग्रुपवर काय? "हरलेला कशाला लिवायचा? घरच्या भितीवर मार खाल्लेला कोन लिवतो?" मी म्हटलं, "मग तेवीसला परत सुवर्ण मिळवलं त्याची किंमत कशी कळणार? ती फायनल तासभर थांबली होती, नियमावरून भांडण झालं होतं, ते कसं कळणार पोरांना?" कोणी वाचलंच नाही. तोपर्यंत कोणीतरी 'गुड मॉर्निंग'चा गुलाब टाकला होता.

तीन दिवस हे चाललं. तीन दिवस मी प्रत्येक चहाच्या सुट्टीत अंगठे दुखेपर्यंत टाइप करत होते. आणि शेवटी राहिली ब्याऐंशीची ओळ. मी लिहिलेलं, "नवी दिल्ली. कबड्डी प्रदर्शनीय खेळ, पदक नाही. भारतीय संघात आपल्या गावचे," आणि पुढे आबांचं नाव.

शेठ म्हणाले, "पदक न्हाय असा कशाला लिवायचा? आपलाच मानूस आपन छोटा करायचा?"

मी म्हटलं, नव्हतंच पदक.

ते म्हणाले, "आगो पन भारत जिंकला ना? जिंकला म्हंजे सुवर्ण."

आणि इथे माझं चुकलं. मी मान्य करते, इथे माझंच चुकलं. सुपरवायझर मागे उभा होता, बॉक्स तुंबलेले, आणि मी वैतागून टाइप केलं, "बरं बाबा, करा काय करायचंय ते." सेंड. फोन खिशात.

पुढच्या गुरुवारी सकाळची शिफ्ट संपवून आले तर मैदानावर गर्दी. भिंत रंगवून झालेली. मी आत गेले. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, वर मशाल, एका बाजूला वाघ (का? एशियाडचा वाघ सोलचा होता, दिल्लीचा तर हत्ती होता, पण जाऊ दे), आणि बरोबर मध्यभागी, बाकी सगळ्यापेक्षा तिप्पट मोठ्या सोनेरी अक्षरांत आबांचं नाव. खाली 'एशियाड १९८२ सुवर्णपदक विजेते'.

मी तशीच वळले आणि घराकडे सुटले.

घरी आले तर आबा मागच्या ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत बसलेले. मी म्हटलं, "आबा, भिंत बघितलीत?"

"बगितली." शेंगा सोलणं चालूच.

"मी नाही लिहिलं तसं. शप्पथ."

"माना ठाव हाय तू न्हाय लिवला." मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "तुला येक सांगतो. घरात बी कोनाला सांगलेला न्हाय. मी खेललोच न्हाय गो."

मला कळेना. "म्हणजे? तुम्ही दिल्लीला गेलाच नाही?"

"गेलो ना! बारा जनांत व्हतो. सात मैदानात, पाच बाहेर. मी पाचांत. राखीव. अंगात भारताची जर्सी व्हती, पन लाइनीच्या आत पाय न्हाय ठेवला. टॉवेल दिला, पानी दिला, बोंबललो. परत आलो तवा गावानं ढोल लावून आनला. कोनी इचारलाच न्हाय, खेललास का म्हून. मंग मी बी सांगला न्हाय. येक वरीस गेला, दोन गेलं. मंग सांगनार कवा?"

मी त्यांच्या सुपातली एक शेंग उचलली आणि सोलायला लागले.

"आनि आता रविवारी कोन येनार हाय ठाव हाय ना? शेठनं पाहुना म्हून कोनाला बोलवलाय?"

माहीत होतं. रायगडकडचे एक जुने खेळाडू, त्याच संघातले. पण ते सातांतले. खरोखर खेळलेले. शेठना वाटलं, केवढी भारी भेट घडवतोय, दोन सुवर्णपदकवाले एका स्टेजवर.

"तो भीत बगल," आबा म्हणाले. त्यांचा आवाज असा कधी ऐकला नव्हता. "तो काय म्हनल? म्हनल, ह्यानं चालीस-बेचालीस वरसां गावाला फसवला. आमी खेललो, घाम गालला, आनि ह्यो टॉवेलवाला सोन्याचा पदक लावून बसलाय. त्याच्या म्होरं मी कसा उभा र्‍हाऊ?"

"मग तुम्ही शेठला सांगा ना आबा, सरळ!"

"सांगला. काल सांगला, आज सकाली बी सांगला. म्या म्हनला, माना पदक न्हाय, मी राखीव व्हतो. तर माझ्या पायाच पडला. म्हनतो, आबा, तुमी लई साधं हाव."

आता सांगा! माणूस स्वतःच्या तोंडाने सांगतोय की हे खोटं आहे, आणि लोक म्हणतात किती साधा माणूस! मी तशीच चप्पल घालून निघाले.

शेठ नाक्यावरच्या त्यांच्या ऑफिसात होते. समोर नवा फ्लेक्स लावायचं काम चाललेलं, बांबू बांधत होते. त्यावर आबांचा फोटो, कोणाच्या तरी लग्नातला, कापून काढलेला. डोळ्यांवर कॉम्प्युटरने गॉगल लावलेला. गळ्यात कॉम्प्युटरनेच पदक. आणि खाली शुभेच्छुकांची एवढी नावं की आशियातल्या देशांपेक्षा जास्त.

"शेठ, आबांना पदक नाहीये."

"बस ना गो. चाय घे."

"चहा नको. त्यांनी स्वतः तुम्हाला सांगितलं ना?"

"सांगला. मोठी मानसां असाच बोलतान. नम्रता असते त्यांची. तू लान हाईस, तुला न्हाय कलायचा."

"अहो पण ब्याऐंशीला कोणालाच पदक दिलं नाही! आख्ख्या संघाला नाही! रेकॉर्डमध्येच नाही!"

"रेकॉर्ड कोन लिवतो? दिल्लीवालं. आपल्या गावचा रेकॉर्ड आपन लिवायचा." आणि मग त्यांनी फोन काढला, चष्मा लावला, वर-वर सरकवत गेले आणि माझ्यासमोर धरला. "आनि ह्यो काय? वाच. तूच लिवलास. 'करा काय करायचंय ते.' मंग केला!"

खाली चार जणांचे अंगठे. माझ्याच वाक्याला.

मला वाटलं जमीन फाटावी. नाही, मला वाटलं तो फ्लेक्स फाटावा.

ठीक आहे म्हटलं. फ्लेक्स राहू दे, निदान भिंत तरी. पाहुणे भिंतीसमोरच बसणार होते, तिथेच सत्कार होता. शुक्रवारी शिफ्ट सुटल्यावर पेंटरचाचांना शोधत राहनाळला गेले. चाचा गोडाऊनच्या शटरवर गाळ्याचे नंबर टाकत शिडीवर उभे. मूळचे बनारसकडचे, पण भिवंडीत त्यांचं आख्खं आयुष्य गेलंय. आधी लूमच्या कारखान्यांची नावं रंगवायचे, आता गोडाऊनची.

"चाचा, वो दीवार पे एक लाइन मिटानी है."

"कौनसी?"

"बीच वाली. सोने वाली."

चाचांनी वरूनच मान हलवली. "वो तो सेठ ने खुद खड़े रहके बनवाई बेटी. सेठ बोलेंगे तो मिटाऊँगा. मेरा क्या है, मैं तो अक्षर उतारता हूँ."

"लेकिन वो झूठ है."

"झूठ-सच तुम लोग देखो. मैंने तो बोला था जगह कम है, इतना बड़ा नाम मत डालो. तो सेठ बोले, बैंकॉक दो बार बहुत है, बाकी दो निकाल दो."

काय?

मी परत विचारलं. हो. दोन बँकॉक काढून टाकलेली. सत्तर आणि अठ्ठ्याहत्तर. गॉगलवाल्या फ्लेक्सच्या नादात आणि सोनेरी अक्षरांच्या धक्क्यात मी नीट बघितलंच नव्हतं. आमच्या भिंतीवर सहासष्टनंतर एकदम चौऱ्याहत्तरचं तेहरान येतं, आणि तेहराननंतर थेट ब्याऐंशी. आशिया खंड आठ-आठ वर्षं नुसता बसून होता! मी तिथे राहनाळच्या रस्त्यावर, कंटेनर मागून हॉर्न मारतायत, आणि मी चाचांना बँकॉकचा इतिहास हिंदीत सांगतेय. चाचा ब्रश धुवत म्हणाले, "बेटी, पानी पी लो."

शनिवारी परत शेठकडे गेले. भेटले नाहीत. फोन लावला, उचलला नाही. ग्रुपवर लिहिलं, तर कोणीतरी लिहिलं, "एशियाडवाल्यांच्या घरात सगले साधे हान." हात जोडलेली चार चित्रं.

रविवार. पाच वाजता उद्घाटन. साडेचारला आबा आतल्या खोलीत चादर घेऊन झोपलेले.

"माजा पोट दुखतंय म्हून सांग."

आई म्हणाली, "सकाळपासून नीट जेवलात, आता कुठून आलं पोट?" आईला काहीच माहीत नव्हतं. ती आपली इस्त्रीचा सदरा घेऊन उभी.

मी आईला बाहेर पाठवलं आणि दार लोटलं. "आबा, तुम्ही नाही आलात तरी ते भिंत बघणारच आहेत. फक्त खरं सांगायला तिथे कोणी नसेल. मी सांगितलं तर म्हणतील पोरगी आगाऊ आहे. आधीच म्हणतायत."

ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मग म्हणाले, "तो उंच व्हता लई. त्याचा हात येवढा लांब व्हता, समोरच्याला कलायचा न्हाय कवा लागला. आमी त्याला शिडी म्हनायचो." आणि उठून बसले. "दे तो सदरा."

मैदानावर हलगी, दोन्ही बाजूला टीम उभ्या, समालोचक माईकवर सुटलेले. "आणि आता आगमन होत आहे! दिल्ली गाजवणारे! सुवर्णपदकाचे मानकरी! गावची शान!" प्रत्येक शब्दाला आबांचा माझ्या खांद्यावरचा हात घट्ट होत होता. पाहुणे आधीच आलेले. खरंच उंच, अजूनही. कानात ऐकायचं मशीन. आबांना बघून उभे राहिले आणि दोघं एकमेकांच्या गळ्यात पडले. मग पाहुण्यांनी मान वर केली. मागे हॉलचं दार सताड उघडं, आत ट्यूबलाइटच्या उजेडात ती भिंत. ते वाचत होते. मी बघत होते त्यांना वाचताना. चेहऱ्यावर काहीच नाही. आबा जमिनीकडे बघत होते.

शेठनी आबांच्या हातात माईक दिला. "फकस्त सामना सुरू करा म्हना."

आबांनी माईक धरला. म्हणाले, "भितीवर लिवलाय तो खोटा हाय." स्पीकर किंचाळला. त्यांनी माईक लांब धरला आणि परत म्हणाले, "माना पदक न्हाय. मी राखीव व्हतो. मी खेललोच न्हाय. ह्यो माझा मित्र खेलला. माना तुमी येवढा मान दिला, पन तो माझा न्हाय."

आणि काय झालं असेल? टाळ्या! जोरदार टाळ्या! शिट्ट्या! शेठनी दुसरा माईक घेतला, त्यांचे डोळे भरलेले. "बगा पोरांनो! ह्याला म्हनतान मोठा मानूस! येवढा मोठा, आनि म्हनतो मी काय बी न्हाय! शिका कायतरी!"

मी डोक्याला हात लावला. आबा माईक हातात घेऊन उभे, तोंड उघडं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की, आता अजून कसं सांगू?

तेव्हा पाहुण्यांनी हात पुढे केला. माईक मागितला. त्यांनी कानातलं मशीन जरा नीट केलं आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "टाळ्या थांबवा. तो नम्र-बिम्र काही नाहीये. तो खरं बोलतोय. तो बाहेर बसला होता."

टाळ्या थांबल्या.

"मी आत होतो. मी खेळलो. तरी मलाही पदक नाही, कारण त्या वर्षी पदक नव्हतंच कबड्डीला. आणि माझ्या गावच्या वेशीवर माझ्या नावाची कमान आहे. तिच्यावर लिहिलंय, सुवर्णपदक विजेते. मीही सांगितलं होतं पहिल्यांदा. सगळे म्हणाले, भाऊ, तुम्ही फार साधे. मग मी सांगायचं सोडून दिलं. रोज त्या कमानीखालून जातो, वर बघत नाही. आज हा बोलला. मला नाही जमलं ते." आणि त्यांनी आबांकडे बघून म्हटलं, "पाणी मात्र तू वेळेवर द्यायचास हां."

आबा हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आणि शेठ, माईक चालू आहे हे विसरून, आख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले, "आयला, म्हंजे खरंच न्हाय?"

मंगळवारी चाचा शिडी घेऊन आले. शेठनीच पाठवलं, पण स्वतः आले नाहीत, रुसलेत. आबा समोर खुर्ची टाकून बसले आणि शब्द-शब्द सांगून लिहून घेतलं. नवी दिल्ली, कबड्डी प्रदर्शनीय खेळ, पदक नव्हतं. भारतीय संघात राखीव खेळाडू, आणि नाव. अक्षर बाकीच्यांएवढंच. मी म्हटलं, थोडं मोठं चालेल आबा. ते म्हणाले, "नको. राखीवला राखीवची जागा." मोकळ्या झालेल्या जागेत मी चाचांकडून माझी दोन्ही बँकॉक घालून घेतली. त्यावरून परत कोणीतरी ग्रुपवर लिहिलंय की पोरीने सुवर्णपदक पुसून बँकॉक लिहिलं. लिहू दे! नाक्यावर तो गॉगलवाला फ्लेक्स अजून तसाच आहे. कोणी काढत नाही, कारण त्यावर शुभेच्छुकांची नावं आहेत.

पण परवा पाहुण्यांचा फोन आला आबांना. अर्धा तास बोलत होते, दोघांनाही कमी ऐकू येतं त्यामुळे आख्ख्या आळीने ऐकलं. शेवटी आबांनी फोन माझ्याकडे दिला. पलीकडून विचारणा, "पोरी, तू ते भिंतीचं कसं केलंस? आमची कमान सिमेंटची आहे, अक्षरं कोरलेली. ती कशी काढायची?" आता मला रायगडला जायचंय. सुट्टी मागितलीय. कारण काय लिहू अर्जात?

तुम्ही सांगा मला, तुमच्याकडे झालंय का हो असं कधी? तुमच्या घरातल्या कोणी जीव तोडून खरं सांगितलंय, आणि सगळ्यांनी त्याला साधेपणा म्हणून हार घातलाय? मग तुम्ही काय केलंत? आणि कोरलेलं सिमेंट कसं काढतात ते कोणाला माहीत असेल तर तेही लिहा, प्लीज.